येझदी रस्त्यावर आणायची तयारी

दसऱ्याला पान्या-हातोड्यांवर झेंडू वाहायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी उघडायला घ्यायची. ठाण्यात जुन्या मोटरसायकलीला हात घालायचा याहून चांगला मुहूर्त नाही. पाऊस गेलेला असतो, उघड्या लोखंडावर रातोरात गंज चढत नाही, आणि पुढचा जून यायला सात-आठ महिने हातात असतात. कळव्याला एका चाळीच्या जिन्याखाली अकरा वर्षं उभी असलेली १९८४ सालची येझदी मी बावीस हजारांना घेतली, तेव्हा मला धीर नव्हता. मी ती जूनमध्ये उघडली. खाडीवरची ओली हवा क्रँकच्या बेअरिंगमध्ये शिरली आणि चांगली बेअरिंग ऑगस्टपर्यंत बदलायला झाली. म्हणून जुनी गाडी घेताना करायच्या तयारीच्या यादीतली पहिली गोष्ट कॅलेंडर.

दुसरी गोष्ट कागद, आणि ते पैसे देण्याआधी. गाडी कितीही गंजलेली असली तरी दुरुस्त होते, कागद नसलेली गाडी मात्र शोभेची वस्तू होऊन बसते. आरसी बुक मूळ हवं. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. हँडलखालच्या नळीवर साठलेला ग्रीस-धुळीचा थर रॉकेलच्या फडक्याने पुसा, त्यावर पातळ कागद धरा आणि मऊ पेन्सिल आडवी करून हलकेच घासा. एकेक आकडा पांढरा उमटत वर येतो. आरटीओत पुढे हाच ठसा लागतो, तेव्हा दोन-तीन काढून ठेवा. आकडा खरवडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेड्यावाकड्या ओळीत दिसला तर तिथूनच मागे फिरा.

आरसी विकणाऱ्याच्याच नावावर असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर त्याच्या सह्या घ्या. आरसीवरचे मालक वारले असतील तर गाडी आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर यावी लागते. माझ्या बाबतीत तसंच होतं. कळव्याच्या त्या आजी म्हणाल्या, "अहो, ह्यांची सही मी कुठून आणू आता? तुम्हीच सांगा काय करायचं ते." त्यांचा मुलगा सोबत आला म्हणून ते काम मार्गी लागलं. बुकावर बँकेचा किंवा सोसायटीच्या कर्जाचा शिक्का असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ मागा, कर्ज तीस वर्षांपूर्वी फिटलेलं असलं तरी. गाडी एम अक्षराने सुरू होणाऱ्या जुन्या तीन अक्षरी नंबरची असेल तर तिची नोंद संगणकावर नसण्याची शक्यता असते. मग आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. पंधरा वर्षं उलटली की नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यायची असते, त्याचा फॉर्म २५. सोबत पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि आता हाय सिक्युरिटी नंबरप्लेट. नोंदणी किती वर्षं थकली आहे ते आधीच विचारा, कारण उशिराचा दंड महिन्यांच्या हिशेबाने चढतो.

लोक 'व्हिंटेज' हा शब्द सहज वापरतात, पण कायद्यात २०२१ पासून त्याला ठरलेला अर्थ आहे. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडीच त्यात बसते. तिला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी वीस हजार आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९८४ ची येझदी यात येत नाही, आणि मला ती त्यात बसवायचीही नव्हती. मला तिच्यावरून कामाला जायचं होतं.

जागेबद्दल थोडक्यात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर सेक्रेटरींना आधी सांगा, कामाच्या वेळा ठरवून घ्या, पेट्रोल उघड्या भांड्यात ठेवू नका. काढलेलं ऑइल कॅनमध्ये साठवून गॅरेजवाल्याकडे द्या. गटारात ओतलं तर ते खाडीत जातं.

हत्यारांत गोटी पाने आणि रिंग पाने चांगल्या पोलादाचे घ्या. यात काटकसर केली तर जुन्या बोल्टांची डोकी गोल होतात. इंजिनाच्या केसचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, त्याला हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. क्लच काढायला येझदीचाच पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार लागतं. तो जुन्या येझदीवाल्या मेस्त्रीकडून दोन दिवसांसाठी मागून आणा, पण पेचकस घालून उचकू नका. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टिमीटर आणि सर्क्लिपचा (पिन जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या कडीचा) पक्कड एवढं स्वतःचं असू द्या. आणि श्रीखंडाचे रिकामे डबे, जितके मिळतील तितके. प्रत्येक डब्यात एकाच जागेचे नटबोल्ट, वर मार्करने नाव. प्रत्येक भाग काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, वायरींचे तर दोन्ही बाजूंनी.

सुटे भाग आणायला निघण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. येझदी बनवणारा म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. २०२२ मध्ये येझदी नावाने नव्या गाड्या आल्या, पण त्यांचं इंजिन पूर्ण वेगळं आहे आणि त्याचे भाग जुनीला बसत नाहीत. जुन्या गाडीचे भाग आजही नव्याने बनतात, मात्र दर्जा सारखा नसतो. म्हणून जुना भाग खिशात घालून दुकानात जा आणि शेजारी ठेवून ताडून बघा. पिस्टन आणि रिंग, क्रँकचे दोन्ही ऑइल सील, पॅकिंगचा संच, क्लच प्लेट, पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच), कंडेन्सर, प्लग, सगळ्या केबल, ब्रेक लायनर आणि चेनकव्हरच्या रबरी नळ्या हे सगळं आधी गोळा करा. एका सीलसाठी उघडं इंजिन महिनाभर पडून राहणं वाईट.

आता गाडीकडे. चराईतल्या माझ्या मेस्त्रींनी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी इंजिनाबद्दल बोलत होतो आणि ते पुढचं चाक हाताने फिरवत होते. म्हणाले, "इंजिन राहू दे रे. ही थांबते का ते आधी बघू." तेव्हापासून मी याच क्रमाने जातो. दोन्ही चाकं काढा, ब्रेकचे ड्रम उघडा. आतली धूळ फुंकरीने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की परत निघत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. ड्रममध्ये खाच पडली असेल तर लेथवर साफ करून घ्यावा लागतो. हे काम वागळे इस्टेटमध्ये होतं. ६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जिथून सुरू झालं त्या वसाहतीत आजही लेथवाले सापडतात. स्पोक एकेक करून पान्याने हलके वाजवा. घट्ट असेल तर टणक आवाज येतो, सैल असेल तर बद्द. टायरवर खाच कितीही चांगली दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. माझ्या टायरची रबर बोटाने दाबली तर भेगा उघडत होत्या. टायर, ट्यूब आणि रिमटेप तिन्ही नवं घ्या. चाकांच्या बेअरिंगा, हँडलचे बॉलरेसर आणि शॉकअपचं ऑइल हेही याच वेळी.

इंजिन जाम असेल तर किकवर उभं राहू नका. येझदीला गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होतो, आणि त्याच्या आतले दाते जोर लावला की तुटतात. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि टूटी ऑइलचं (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलात मिसळायच्या ऑइलचं) मिश्रण ओता आणि चार दिवस विसरून जा. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे हलकेच हलवा. माझं सहाव्या दिवशी, सकाळी, एका बारीक 'टक्'सरशी सुटलं.

पिस्टन सुटला म्हणजे इंजिन बरं असं नव्हे. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीची पेटी, हवाबंद असावी लागते आणि अकरा वर्षं उभ्या गाडीचे सील दगडासारखे कडक झालेले असतात. डावीकडचा सील गेला तर प्रायमरीतलं (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या केसमधलं) ऑइल आत ओढलं जातं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि गिअरबॉक्सचं ऑइल रोज कमी. उजवीकडचा, डायनॅमोमागचा गेला तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिनाचा वेग आपोआप चढतो आणि तापून पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो. त्यामुळे इंजिन चालू झालं, आवाज चांगला आहे, एवढ्यावर सील जुने ठेवू नका. दोन्ही बदला. गजन पिनचं (पिस्टन त्याच्या दांड्याला जोडणाऱ्या पिनचं) सर्क्लिप काढताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलेलं असू द्या. माझं एक सर्क्लिप फडक्याच्या बाजूने आत गेलं, आणि ते काढायला केस पूर्ण उघडावी लागली.

रीबोअरबद्दल, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करण्याबद्दल, जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच मला सगळ्यात मोठा फटका बसला. पिस्टन ०.२५, ०.५० मिलिमीटर अशा ओव्हरसाइझमध्ये मिळतो. पिस्टन आधी विकत घ्यायचा, तो लेथवाल्याच्या हातात द्यायचा, आणि त्या पिस्टनवर मोजून सिलिंडर कापून घ्यायचा. मी ज्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो त्यांनी 'मापं आम्हाला पाठ आहेत' म्हणून पिस्टन न घेताच बोअर मारला. पिस्टनला सिलिंडरमध्ये जागा कमी राहिली. घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढावर पिस्टन अडकला, त्यासरशी मागचं चाक एकदम अडकलं, आणि माझ्यामागे कंटेनर होता. डावा हात क्लचवर होता म्हणून चाक सुटलं आणि मी डाव्या बाजूला उतरू शकलो. तेव्हापासून बोअर झाला की रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने तपासतो. सिलिंडरला दोन एक्झॉस्ट असतात, दोन्हींची तोंडं नीट घासून घ्यावीत, नाहीतर कड रिंगला लागते.

सायलेन्सर कॉस्टिक सोड्यात टाकून काळा कार्बन काढतात. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्या पाण्याजवळ अ‍ॅल्युमिनिअमचा कुठलाही भाग आणू नका. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनिअम खाऊन टाकतो.

टाकीत जुनं पेट्रोल राहिलेलं असतंच. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी तळाशी साचून टाकी आतून सडवतं. जुन्या रबरी नळ्याही त्याने फुगतात, म्हणून नळी आणि कॉकचे वायसर इथेनॉलला टिकणारे घ्या. टाकीत मूठभर लहान नट टाकून गंज हलवून काढा, धुवा, उन्हात कडकडीत वाळवा. भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडे पेट्रोलचा वास असलेली टाकी कधीच नेऊ नका. उरलेली वाफ पेटून टाकी फुटते.

वायरिंगमध्ये जुन्या जोडांची दुरुस्ती करत बसू नका, पूर्ण नवी घाला. माझ्या गाडीचा डायनॅमो सहा व्होल्टचा आहे. हेडलाइट पिवळाच पडतो, पण प्रत्येक अर्थिंगची जागा घासून लखलखीत केली की तो जेवढा पडायला हवा तेवढा पडतो. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर ठेवतो. हॉर्न, ब्रेकलाइट आणि दोन्ही आरसे आरटीओच्या तपासणीत बघतातच.

रंग शेवटी, आणि पाचशे किलोमीटर चालल्यानंतर. आधी रंगवलेली टाकी दुरुस्तीत ओरखडतेच. माझी अजून तशीच आहे, मूळ लाल रंग, कडांना गेलेला.

पहिल्या फेरीसाठी रविवारची पहाट निवडा. उपवन तलावाला वळसा घालून पोखरण रोडने परत, एवढंच. घोडबंदर नको, पूल नको. लिटरला चाळीस मिली टूटी ऑइल, आणि पहिले काही टँक थोडं जास्तच. पन्नासच्या वर नेऊ नका, एकाच वेगात खूप वेळ ठेवू नका. दर दोन किलोमीटरला थांबून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून बघा, एक हब दुसऱ्यापेक्षा तापलं असेल तर ब्रेक घासतोय. सीटखाली नवा प्लग आणि प्लगपाना, पॉइंट घासायची कानस, हातभर वायर, क्लचची एक जादा केबल, टूटीची छोटी बाटली. आणि खिशात आरसी, विमा, पीयूसी, आणि वेळ पडली तर गाडी उचलून आणणाऱ्या टेम्पोवाल्याचा नंबर.