ग्वाटेमालाच्या खेड्यात कामाला जाताय? दळणाच्या रांगेपासून सुरुवात करा

गगनबावडा, राधानगरीकडं निर्धूर चुलींचं काम केलेल्या पोरी हल्ली मला सारखं विचारतात, ताई, मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात चुली बसवायला जायचं, तर तिकडं नेमकं राहायचं कसं? व्हिसा, विमा, विमान हे संस्था बघते. मी गावात उतरल्यावरचं सांगते. मी अल्टा वेरापाझ जिल्ह्यात होते, तिथल्या मूळ रहिवासी माया लोकांपैकी केक्ची भाषा बोलणाऱ्यांच्या गावात, त्यामुळं तिथलंच सांगणार.

आधी पाऊस. कोबान हे जिल्ह्याचं शहर साधारण 1,300 मीटर उंचीवर आहे आणि आसपासच्या डोंगरांत बारीक झिमझिम वर्षातले कितीतरी महिने चालू असते. गगनबावड्याचा पाऊस अंगावर घेतलेल्यांना त्याचं काही वाटणार नाही, पण कपडे वाळत नाहीत हे खरं. जीन्स नेऊ नका. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट तिथल्या बाजारात स्वस्त मिळतात, गावात सगळे तेच घालतात. गंमत म्हणजे एवढ्या पावसात पिण्याच्या पाण्याची ओढाताण असते. जमीन चुनखडीची, पाणी खाली मुरून जातं, म्हणून पत्र्यावरचं पाणी पिंपात धरतात. ते उकळून किंवा क्लोरीन टाकूनच प्या. पाहुणी म्हणून कोणी तसंच पुढं केलं तरी.

स्पॅनिश शिकून जा, पण तेवढ्यावर निभणार नाही. पुरुष आणि शाळकरी पोरं स्पॅनिश बोलतात. ज्यांच्या स्वयंपाकघरात तुमचं काम आहे त्या बायकांपैकी बऱ्याच जणी फक्त केक्ची. वयानं मोठ्या बाईला 'काना', पुरुषाला 'कावा' म्हणून हाक मारायची, एवढं पहिल्या दिवसापासून पाळा. कुठून आलात विचारलं तर 'दे ला इंडिया' असं पूर्ण म्हणा. नुसतं 'इंडिया' किंवा 'इंडिओ' ही तिथं माया लोकांना हिणवायची शिवी आहे.

आता दळण. मका आदल्या संध्याकाळी चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवतात. पहाटे तो चोळून धुवायचा, पाटीत घालायचा आणि गिरणीवर न्यायचा. तिथं ओला मका दळून पीठ नव्हे, गोळाच हातात येतो. ज्या घरी उतरलाय तिथल्या मुलीबरोबर रोज गिरणीवर जा. चुलीचं नाव काढू नका, रांगेत उभं राहा. कुणाचं सरपण संपलंय, कुणाच्या धुराड्यातून पाणी गळतंय, कुणाचा नवरा उसाच्या तोडीला किनाऱ्याकडं गेलाय, हे सगळं तिथं कळतं. सर्व्हेच्या फॉर्मवर यातलं काहीही येत नाही. भाकरी येते म्हणून टॉर्टिया, म्हणजे तिथली मक्याची भाकरी, लगेच जमेल असं मात्र समजू नका. ती परातीत नाही, दोन तळव्यांतच थापायची असते, लहान आणि सारख्या जाडीची. बायका हसतात. हसू द्या, ओळख व्हायला बरं पडतं.

चुलीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक जणी तिथं घाई करतात. तिकडं 'प्लांचा' नावाची चूल बसवतात. विटांचं किंवा ब्लॉकचं अंग, वर जाड लोखंडी पत्रा, त्यात काढता येणाऱ्या गोल रिंगा आणि छपरातून वर जाणारं धुराडं. उभ्यानं स्वयंपाक होतो. कागदावर झकास दिसते. पण आधी चार घरांत नुसतं बसून बघा. माळ्यावर रचलेली मक्याची कणसं धुरानं वाळतात, किडीपासून राहतात. तुम्ही धूर बाहेर काढलात की कणसं कुठं ठेवायची, याचं उत्तर तुमच्याजवळ पाहिजे. मका शिजवायचं पातेलं एवढं मोठं असतं की प्लांचावर नीट बसत नाही, म्हणून मागच्या अंगणात तीन दगडांची चूल तशीच पेटत राहते. म्हणून 'चूल वापरता का' असं विचारूच नका, सगळ्या 'हो' म्हणतात. 'मका कुठं शिजवता' असं विचारा.

लाकडं बारीक तोडावी लागतात आणि ती कोयत्यानं तोडतात बाप्ये नाहीतर पोरं. त्यांच्याशी बोलल्याशिवाय चूल मांडली तर बाईचं काम वाढतं. धुराड्यात काजळी साठते, ती नियमानं काढावी लागते, म्हणून घरातल्या एकाचं नाव त्या कामाला ठरवून घ्या. घर गवताच्या छपराचं असेल तर धुराडं छपराला चिकटू देऊ नका, आगीचा धोका आहे. पत्र्याचं असेल तर भोकाभोवतीची फट पावसाआधी बुजवा. आणि चूल फुकट देऊ नका. वाळू, ब्लॉक, मजुरी, काहीतरी घरच्यांचं लागलं पाहिजे. फुकटातली चूल लवकरच कोंबड्यांची बसायची जागा होते.

चूल बसवली की आजार पळाला, असं गावात सांगत फिरू नका. ग्वाटेमालातच, सान मार्कोस जिल्ह्यात, 2002 ते 2004 या काळात धुराड्याच्या चुलींची मोठी चाचणी झाली. निष्कर्ष 2011 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले. बाळांच्या श्वासात जाणारा धूर साधारण निम्मा झाला, गंभीर न्यूमोनिया घटला, पण डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियात खात्रीनं सांगावी अशी घट दिसली नाही. निम्मा धूर पुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवरचं ते मक्याचं पातेलं महत्त्वाचं.

गावाचा कारभार 'कोकोदे' ही समिती बघते, 2002 च्या कायद्यानं आलेली. तिची बैठक आपल्या ग्रामसभेसारखी कोरमअभावी तहकूब होत नाही. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत चालते. डबा घेऊन जा. ठराव वहीत लिहिला जातो, सही येत नसेल तो अंगठा देतो. त्या वहीत नसलेलं काही करू नका. वेलदोड्याच्या तोडणीच्या दिवसांत, साधारण ऑक्टोबरपासून पुढं, बैठकच मागू नका. आपल्या श्रीखंडातला वेलदोडा जगात सर्वांत जास्त निर्यात होतो तो ग्वाटेमालातून, आणि त्यातला बराचसा याच जिल्ह्यातला. पिकवणाऱ्यांच्या स्वयंपाकात तो जवळजवळ नसतो. मी चहात घालून दिला होता. दोघींना आवडला, बाकीच्यांनी कपातच ठेवला.

फोटो काढू नका. निदान लहान मुलांचे तर अजिबात नाही, अनोळखी लेकराला उचलूनही घेऊ नका. 1994 साली जवळच्याच सान क्रिस्तोबाल वेरापाझमध्ये मुलं पळवणारी समजून जमावानं एका अमेरिकन बाईला मरेस्तोवर मारलं होतं, ती कशीबशी वाचली. आपल्याकडं 2018 मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात तसल्याच अफवेवरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं, ते आठवा. तिथल्या भीतीला आणखी एक कारण आहे. 1960 ते 1996 चाललेल्या यादवीत दोन लाखांवर माणसं मेली किंवा नाहीशी झाली, बहुतेक माया. त्याबद्दल आपण होऊन विचारायचं नाही. कोणी सांगायला बसलं तर ऐकायचं, वही न काढता.

रविवारी कॅथलिक आणि इव्हँजेलिकल, दोन्ही चर्चकडून बोलावणं येतं. दोन्हीकडं जा किंवा कुठंच नको.

बाजाराला पिकअपमधून, मागं लोखंडी दांडा धरून उभ्यानं जायचं, पैसे उतरताना. अंधार पडायच्या आत परत यायचं.

जेवणाची काळजी कोल्हापूरकरांनी तरी करू नये. कांदा-लसूण चटणीची पिशवी न्या, पण कोबानची धुरावर वाळवलेली बारीक मिरची हाताला लागली की ती पिशवी मागं पडते. टर्कीचा तांबडा रस्सा, 'काकिक', समारंभाला करतात. तुमच्या वाटीत मोठा तुकडा आला तर तो मान आहे, नको म्हणू नका. शाकाहारी असाल तर ते उतरल्या दिवशीच घरधनिणीला सांगून ठेवा. काळा घेवडा, अंडी, पालेभाजी यांवर भागतं.

फोन दुकानात पैसे देऊन चार्ज करायचा, रेंज बहुधा एखाद्या टेकडीवरच. संध्याकाळी तिकडं एकटीनं जायचं नाही, म्हणून घरच्यांना सकाळची वेळ द्या. तिथले साडेसात म्हणजे कोल्हापुरात संध्याकाळचे सात. दळण आणून झालेलं असतं, घरचेही मोकळे असतात.