गल्लीत लोककलेची संध्याकाळ ठेवताना

कोल्हापुरात कार्यक्रम ठेवायचा म्हटलं की पहिली चर्चा स्टेजची होते. किती बाय किती, मागं फ्लेक्स केवढा, पाहुण्यांना सोफा का खुर्च्या. मी शिवाजी पेठेत मंडप आणि स्पीकरचं काम करतो, स्टेज भाड्यानं देण्यावर माझं घर चालतं. तरी सांगतो, हलगी, गोंधळ, पोवाडा, धनगरी ढोल असा कार्यक्रम करायचा असेल तर स्टेज सगळ्यात शेवटी ठरवा. आधी कोण येणार ते ठरवा. त्यांना जागा कशी लागते, वेळ किती लागतो, वाद्याला काय लागतं हे त्यांनाच विचारा आणि मग बाकीचं त्याभोवती बसवा. आपल्याकडं उलटं चालतं. स्टेज ठरतं, पत्रिका छापली जाते आणि मग धनगरांच्या बिरोबा देवाची ओवी म्हणणाऱ्या माणसाला 'तुम्हाला दहा मिनिटं' असं सांगितलं जातं. दहा मिनिटांत त्याचं नमनसुद्धा होत नाही.

तारीख ठरवताना कॅलेंडरवरचा रिकामा रविवार बघून चालत नाही. नवरात्रात गोंधळी मिळणार नाहीत, त्यांची घरं वर्षानुवर्षं ठरलेली असतात. दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, तेव्हा धनगर ढोलवाले तिकडंच. चैत्र पौर्णिमेच्या आसपास अख्खा जिल्हा जोतिबाच्या डोंगरावर. शाहिरांचं म्हणाल तर १९ फेब्रुवारीची शिवजयंती, मग वैशाखातली परंपरेची शिवजयंती, ६ जूनचा राज्याभिषेक दिन, २६ जूनची शाहू जयंती, या सगळ्या तारखा त्यांच्या आधीच गेलेल्या असतात. पावसाळ्यात चामड्याच्या वाद्यांचा आवाज उतरतो. राहतात मार्गशीर्ष ते माघ हे महिने. तेव्हा हवा कोरडी, आभाळ मोकळं. पण साखर कारखाने चालू असतात, आणि उसाला तोड आली की गावाकडचा माणूस फड सोडून येत नाही. म्हणून या दिवसांत शनिवारची संध्याकाळ धरा आणि प्रत्येक मंडळातला एखादा गडी कमी येईल हे गृहीत धरा.

कलाकार फोनवर ठरवू नका. गावी जा. हातकणंगले, कागल, राधानगरी, शाहूवाडी, कुठंही जा, पण त्यांच्या दारात बसून बोला. फोनवर 'हो हो येतो' होतं आणि किती माणसं, कोणती वाद्यं, काय म्हणणार यातलं काहीच कळत नाही. समोर बसलात की ते वाद्य काढून दाखवतात, घरातलं म्हातारं माणूस दोन ओव्या म्हणतं, आणि कार्यक्रमात कोणाला पुढं बसवायचं ते तिथंच ठरतं. सुपारी तिथंच द्या. मानधनाचा निम्मा भाग आधी दिला तर गाडी ठरवणं त्यांना सोपं जातं. गाडीभाडं मानधनात धरू नका, वेगळं द्या. एका ढोल मंडळाला माणसं आणि ढोल मिळून टेम्पोच लागतो.

आता जागेचं. धनगरी ढोल स्टेजवर चढवू नका, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. ढोल गळ्यात, अंगावर पांढरा पोशाख, आणि सगळे गोल फिरतात, वाकतात, उसळतात. त्यांना मोकळी माती लागते. फळ्यांच्या स्टेजवर एक तर ते गोल आखडता घेतात, नाहीतर फळी दबते. तालमीचं पटांगण असेल तर उत्तम. नसेल तर चौक मोकळा करा, आणि माणसं तिन्ही-चारी बाजूंनी बसवा. राजर्षी शाहूंनी कुस्तीचं खासबाग मैदान १९१२ साली बांधून घेतलं ते गोल, शेवटच्या माणसालाही आखाडा दिसावा म्हणून. आपल्या लोककलेलाही तोच आकार मानवतो. आणि भंडारा उधळला जाणार, हे शेजारच्या दुकानदारांना आधी सांगून ठेवा. गाड्या दुपारीच हलवायला लावा.

गोंधळाला गोल नको, एक शांत कोपरा पाहिजे. पाटावर चौक, म्हणजे देवीची मांडणी, भरतात, धान्य, कलश, विड्याची पानं मांडतात, दिवटी म्हणजे तेलाची मशाल पेटते. ती पूजा आहे. त्या भागात चप्पल घालून कोणी फिरणार नाही याची जबाबदारी दोन पोरांवर द्या. दिवटीची ज्योत मंडपाच्या कापडापासून लांब राहील एवढी उंची ठेवा, तेल घालायला जागा सोडा, वाळूची बादली जवळ ठेवा. गोंधळ खरा रात्रभराचा. आपल्याला तेवढा वेळ नसतो, म्हणून गोंधळी बुवांशी बोलून पूर्वरंग, म्हणजे सुरुवातीचं देवांचं आवाहन, पूर्ण घ्या आणि उत्तररंगातलं, म्हणजे नंतरच्या कथाभागातलं, एकच आख्यान घ्या. गावोगावच्या देवांना आवतण देणं मात्र कापू नका. पेठेतल्या म्हाताऱ्या बायका आपल्या माहेरच्या देवाचं नाव कधी येतं याची वाट बघत बसलेल्या असतात.

हलगीला काय लागतं? विस्तव. हे कुठल्याच मंडळाच्या यादीत नसतं. चामड्याची हलगी गार पडली की आवाज बसतो, नुसतं भद् भद् वाजतं. वाजवायच्या आधी ती शेकावी लागते. मंडपापासून लांब, वाऱ्याच्या आडोशाला जागा द्या, आणि उसाचं पाचट किंवा रद्दी ठेवा. हलगीवाले मामा जाळ करतात, हलगी त्यावर तिरकी धरून फिरवत राहतात, एका जागी थांबत नाहीत, नाहीतर चामडं करपतं. मधेच काढून बोटानं टिचकी मारतात, कानाशी नेतात, पुन्हा जाळावर. आवाज भरीव होता होता एकदम टणक होतो, अंगठ्याखालचं चामडं ताठ लागतं, आणि मामा मान हलवतात. मग थांबायचं नाही, लगेच वाजवायला उभं राहायचं. थंडीत तासाभरात पुन्हा शेकावी लागते. शाहिराचा डफही असाच तापवतात. म्हणून कार्यक्रमात मधेमधे दहा-दहा मिनिटं सोडा. सत्कार, हार-तुरे, दोन शब्द, जे काय असेल ते याच वेळात उरकून घ्या. फायबरची हलगी आता सर्रास मिळते, तिला शेक लागत नाही, पण तिच्या आवाजाला तो घुमारा नाही. मिळाली तर चामड्याचीच आणायला सांगा.

माइकचं मी जरा सविस्तर सांगतो, कारण इथं चांगले कार्यक्रम वाया जाताना मी बघत आलोय. हलगी आणि तिच्या साथीची वाद्यं, घुमकं आणि कैताळ, यांना चौकात माइक देऊच नका. कैताळाचा आवाज इतका तीक्ष्ण की जवळच्या माइकमध्ये शिरला की बाकी सगळं कापून टाकतो. धनगरी ढोलालाही माइक नको, फक्त ओवी म्हणणाऱ्याच्या हातात एक कॉर्डलेस द्या आणि मागं साथ धरणाऱ्यांसाठी एक स्टँडवर. गोंधळात संबळाला माइक दीड हात लांब, दोन्ही तोंडांच्या मधोमध. तुणतुण्याला मात्र जवळ पाहिजे, एका तारेचा आवाज लांबून येतच नाही, आणि तुणतुणं हरवलं की गोंधळाचा सूर हरवला. पोवाड्यात शाहिराला एक माइक, मागं सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांना दोघांत एक. शाहीर जागेवर उभा राहत नाही, डफ वाजवत पुढं येतो, मागं जातो, म्हणून स्टँडची जागा त्याला विचारून लावा. आणि इको बंद. पोवाडा ऐकायचा तो शब्दासाठी. इको चढवला की एक शब्द संपायच्या आत दुसरा त्याच्यावर बसतो आणि लढाई कुठल्या गडावर झाली तेसुद्धा मागं बसलेल्याला कळत नाही. साउंडवाला नवीन पोरगा असेल तर हे त्याला लिहून द्या. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात पोवाड्याचा शब्द न् शब्द ऐकू गेलाच पाहिजे.

बायकांचा झिम्मा-फुगडीचा कार्यक्रम वेगळा ठेवा, या कार्यक्रमात कोंबू नका. तो नागपंचमी ते गौरीच्या दिवसांत घ्या, हॉलमध्ये किंवा छप्पर असलेल्या जागेत. तिथं सतरंजी किंवा कार्पेट अंथरू नका. फुगडीत पाय एका जागी घट्ट लागतो, आणि सतरंजी सरकली की पडापड होते. फरशी स्वच्छ पुसून कोरडी ठेवा, बस्स. गाणी रेकॉर्डची लावू नका. प्रत्येक गल्लीत एखादी आजी असतेच जिला पिंग्याची, फेराची, सूप नाचवायची, घागर घुमवायची गाणी अजून तोंडपाठ आहेत. तिला पुढं बसवा, हातात माइक द्या. स्पर्धा ठेवली की एकसारख्या साड्या नेसून तालीम केलेले ग्रुप येतात, छान करतात, पण बाकीच्या बायका नुसत्या बघत राहतात. म्हणून स्पर्धा संपल्यावर अर्धा तास सगळ्यांसाठी फेर मोकळा सोडा.

परवानगीचं काम महिनाभर आधी सुरू करा. पोलिस ठाण्यात अर्ज द्यायचा, त्यात जागा, वेळ, स्पीकर किती ते लिहायचं. रस्त्यावर मंडप येत असेल तर महापालिकेचा दाखला, आणि लाईटसाठी महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन. शेजारच्या घरातून वायर ओढू नका. दवाखाना, शाळा किंवा कोर्ट १०० मीटरच्या आत असेल तर शांतता क्षेत्राचा नियम लागतो, तेव्हा जागाच बदला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमची तारीख त्यात असेल असं धरून चालू नका.

म्हणून सहाला सुरू करा. सहा म्हणजे सहा. प्रमुख पाहुण्यांची वाट बघत आठ वाजतात आणि मग सगळी कात्री कलाकारांवर चालते, हे मला मुळीच पटत नाही. साडेपाचला हलगी गल्लीतून फिरवा, माणसं आपोआप मागून येतात. नारळ फोडा आणि गोंधळाला बसा. मग पोवाडा, त्याला पाऊण तास तरी. मग ओवी, तिला तास-सव्वा तास. कथा रंगायला तेवढा वेळ लागतोच. शेवटी ढोल, पावणेदहाला थांबेल असा.

अजून एक. हलगीवाले बऱ्याचदा मंडपाबाहेरच उभे केले जातात. माणसं जमवायला ते पाहिजेत, पण पत्रिकेत नाव नाही, सत्काराला बोलावणं नाही, जेवायला शेवटच्या पंगतीत. राजर्षी शाहूंच्या गावात हे चालू देऊ नका. शाहिराचं नाव ज्या अक्षरात छापता त्याच अक्षरात हलगीवाल्याचं छापा, गावाच्या नावासकट. फेटा त्यालाही तोच बांधा. आणि त्याला शाहिराच्या शेजारी बसवून वाढा.

जेवण कार्यक्रमानंतरच, गाणारा माणूस भरल्या पोटी गात नाही. आधी चहा-पोहे पुरतात. नंतर भाकरी, पिठलं, खर्डा, भात असं गरम वाढा. कोणाचा उपवास आहे का ते सकाळीच विचारून ठेवा.

मोबाईलवर शूटिंग करायचं असेल तर कलाकारांची परवानगी घ्या. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ओवी म्हणणाऱ्याचं नाव, गाव, आणि ती त्यानं कोणाकडून शिकली हे त्याच्याच तोंडून बोलून घ्या. आठवड्यात त्याची कॉपी पेन ड्राइव्हवर घालून त्याच्या घरी पोचवा, व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळं होऊ नका. राहिलेलं मानधन मात्र त्याच रात्री, टेम्पो सुटायच्या आधी, मंडळाच्या म्होरक्याच्या हातात मोजून द्या, आणि पुढच्या वर्षीचा शनिवार तिथंच बोलून घ्या.