जुनी मर्सिडीज रोजच्या वापरात आणण्याआधी

मर्सिडीजची डब्ल्यू-१२४ ही गाडी १९९५ पासून पिंपरीत, टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडली जाऊ लागली. पेट्रोलवरची ई-२२० आणि पाच सिलिंडरची डिझेल ई-२५०. सोलापुरात, विजापूर रोडपलीकडे कर्नाटकात किंवा हैदराबादच्या बाजूला यातल्या काही गाड्या अजून चांगल्या अवस्थेत मिळतात, आणि बऱ्याचदा नव्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशात. रविवारी फेरी मारून झाकून ठेवायची असेल तर फारशी तयारी लागत नाही. पण मुलांची शाळा, आईबाबांचा दवाखाना, मार्केट यार्डाचा बाजार आणि महिन्याची पुण्याची फेरी हे सगळं त्याच गाडीवर टाकायचं असेल, तर गाडी दारात आणण्याआधीच काही कामं उरकायला हवीत. अशा गाडीतलं लोखंड थकत नाही. थकतं ते रबर, प्लास्टिक आणि वायरवरचं आवरण. म्हणून पहिला पैसा तिथे, आणि रंग, क्रोम, लाकडी पट्ट्यांची पॉलिश पुढच्या वर्षी.

सुरुवात कागदांपासून करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी पासिंग करून ती वाढवून घ्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क ५,००० वरून १०,००० रुपये झालं, आणि आयात गाडीचं ८०,०००. त्यामुळे आरसी हातात आल्यावर आधी बघायचं ते हेच: गाडी पिंपरीत जोडलेली आहे की बाहेरून आलेली. दिसायला दोन्ही सारख्याच, पण आरटीओच्या खिडकीवर फरक मोठा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथली एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, विकणाऱ्याने काढून दिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. सोलापूरचा एमएच-१३ नंबर मिळेपर्यंत इथला कर आणि फेऱ्या तुमच्याच अंगावर येतात. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आणि पीयूसी ही कामंही उरकून घ्या.

याहून जुनी, १९७० च्या आसपासची गाडी डोक्यात असेल तर एक लक्षात ठेवा. जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती घेतली की गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. मुलांना शाळेत सोडणं त्यात बसत नाही. रोज वापरायची तर नेहमीचीच नोंदणी चालू ठेवा.

आता खरं काम, म्हणजे इंजिन थंड ठेवण्याचं. सोलापूरचा एप्रिल-मे ४२ अंशांच्या पुढे जातो आणि सात रस्त्याच्या सिग्नलवर गाडी उभी असताना वारा मिळत नाही. जर्मनीत आखलेली ही गाडी ही उष्णता सहज झेलते, पण तिचे सगळे भाग धड असतील तरच. रेडिएटर नुसता धुऊन चालणार नाही. बाहेर काढून तपासा, आणि प्लास्टिकच्या टाक्यांना बारीक चरे दिसले तर बदलाच. वरचा-खालचा होजपाइप, हीटरकडे जाणारे छोटे पाइप, वॉटर पंप, पाण्याच्या टाकीचं झाकण आणि बेल्ट एकाच वेळी नवे बसवा. एकेक फुटेल तसा बदलायला गेलात तर वर्षभर गाडी गॅरेजात आणि घरचे रिक्षात. इंजिनावरच्या पंख्याचा क्लच गरम झाल्यावर पकडतो का, ते मिस्त्रीला समोर उभं करून दाखवायला सांगा. एसीच्या कंडेन्सरपुढचा विजेचा पंखाही चालतो का, ते बघा.

इथे दोन गोष्टींवर मी अडून बसेन. पहिली, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, काढून टाकू’ असं अनेक गॅरेजांत सांगतात. काढू देऊ नका. त्याच्याशिवाय पाणी आपल्या ठरलेल्या वाटेने फिरत नाही. इंजिन हिवाळ्यात गरमच होत नाही आणि त्याची झीज वाढते. नवा, योग्य अंशांचा थर्मोस्टॅट बसवा. दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे घरोघरी बोअर, आणि बोअरचं पाणी जड. बादलीत तळाला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं, यापलीकडे काहीही घालायचं नाही. डिकीत पाच लिटर तयार मिश्रणाचा कॅन कायम ठेवा, म्हणजे रस्त्यात ढाब्यावरची बाटली ओतायची वेळ येणार नाही. मेच्या दुपारी एसी लावून गर्दीत तापमानाचा काटा शंभराच्या आसपास गेला आणि पंखा लागल्यावर खाली आला, तर काळजी नको. वर जाऊन तिथेच राहिला तर ती गाडी अजून घरच्यांसाठी तयार नाही.

एसीचं स्वतंत्रपणे बघा, कारण म्हातारी माणसं आणि मुलं त्याच्याशिवाय दुपारी बसणार नाहीत. १९९५ नंतरच्या गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो, तो कुठेही भरून मिळतो. पण गॅस पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल गळत असण्याची शक्यता असते, आणि तिच्यापर्यंत पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. विकत घेताना भाव ठरवण्याआधी हे तपासून घ्या. नंतर ते काम दिवसांचं आणि बऱ्याच पैशांचं होतं.

वायरिंग हा या गाडीचा नाजूक भाग. १९९२ ते १९९५ च्या सुमाराच्या मर्सिडीजमध्ये इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं. बोनेट उघडून जाड काळ्या नळीतली एखादी वायर हलकेच वाकवून बघा. भुगा पडला तर टेप गुंडाळून पुढे जाऊ नका, पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, नवा घ्या. फ्यूजही वेगळ्या घाटाचे, टॉर्पिडोसारखे, दोन्ही टोकांना निमुळते. त्यांचे संपर्क गंजले की काच चढत नाही, वायपर थांबतो, आणि लोक मोटर बदलत बसतात. सगळा संच एकदम नवा घाला आणि वरखर्चाचे डझनभर ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. ते इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. एकच पातं असलेल्या वायपरच्या यंत्रणेला पावसाळ्याआधी ग्रीस द्या.

पेट्रोल की डिझेल? सोलापुरात रोजच्या वापराला मी डिझेलकडे झुकेन. धावणं सावकाश, पण आज पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात इथेनॉलला नावं ठेवण्याचं कारण नाही. गाडीच तयार करायची. ई-२२० घेतलीत तर टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाइप आणि सील इथेनॉल सोसणारे घाला, फिल्टर नवा घाला, आणि महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका. डिझेल असेल तर हीटर प्लग आणि फिल्टर.

सस्पेंशनचे बुश, बॉल जॉइंट, इंजिनाचं माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टची रबरी चकती हे सगळं एका बैठकीत होतं. तेवढं झालं की शहरातल्या खड्ड्यांवर ही गाडी आजच्या कितीतरी नव्या गाड्यांपेक्षा शांत चालते, आणि मागच्या सीटवर बसलेल्या आजीलाच ते आधी कळतं. टायर १९५/६५ आर १५ मापाचे, सहज मिळणारे. नक्षी शिल्लक आहे एवढ्यावर समाधान मानू नका. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. स्टेपनीचेही वाचा. ब्रेकचे रबरी पाइप आणि तेल बदललं नसेल तर बाकी सगळं थांबवून ते आधी.

सुटे भाग बहुतेक पुण्या-मुंबईहूनच येतात, आणि मागवताना चॅसिस नंबर दिला तरच अचूक येतात. पण कारागिरीला आपलं गाव कमी नाही. प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखा कारखाना इथून जगभर कॅमशाफ्ट पाठवतो. चांगला टर्नर, लेथवाला, रेडिएटरवाला इथे सापडतो. एकाच मिस्त्रीला धरून राहा आणि गाडीची वही ठेवा: काय बदललं, किती किलोमीटरला, कोणता भाग क्रमांक. तुम्ही गावात नसताना घरच्यांना त्या वहीचा फार आधार होतो.

मुलांसाठी मागचे पट्टे ओढून, झटका देऊन तपासा. अडकत नसतील तर बदला. लहान मुलाची सीट पट्ट्यानेच बांधता येईल अशी घ्या, कारण मुलाची सीट थेट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक या गाडीत नाहीत. १४ वर्षांखालच्या मुलाला न बांधता नेलं तर मोटार वाहन कायद्यात १,००० रुपये दंड आहे, पण पट्टा लावायचा तो दंडासाठी नव्हे. एअरबॅग असेल तर किल्ली फिरवल्यावर त्याचा दिवा लागून विझायला हवा. मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो काढून ठेवलेला असू शकतो.

घरात जे जे चालवणार, त्या प्रत्येकाला एक सकाळ द्या. हँडब्रेक हाताने नसून डाव्या पायाने दाबायचा आणि डॅशबोर्डवरची मूठ ओढून सोडायचा आहे. इंडिकेटर, वायपर, अप्पर-डिपर सगळं डावीकडच्या एकाच दांडीवर आहे. मारुती चालवणाऱ्याचा हात सवयीने उजवीकडे जातो. गाडी ४.७४ मीटर लांब आणि १.७४ मीटर रुंद. जुळे सोलापुरातल्या बंगल्याच्या फाटकातून ती कशी वळते ते रिकाम्या वेळी करून बघा. नवी पेठेत किंवा भवानी पेठेतल्या गल्ल्यांत नेऊच नका, त्यासाठी स्कूटर असू द्या. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत गावात तर नाहीच नाही.

विमा घेताना गाडीची किंमत कंपनीशी बोलून लेखी ठरवून घ्या. पाच वर्षांवरच्या गाडीला ती दोघांच्या संमतीनेच ठरते. रस्त्यावर बंद पडली तर टोचन नको. मागच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढली तर गिअरबॉक्स जाऊ शकतो. सपाट ट्रकवर चढवून नेणाऱ्याचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घाला.

धुण्यासाठी एक बादली आणि दोन मऊ फडकी पुरतात, मात्र आधी धूळ पाण्याने सोडवा, कोरडी पुसू नका. मूळ सीटवर घट्ट रेक्झिनचं कव्हर चढवण्यापेक्षा सोलापुरी चादर घाला. उन्हाचा चटका बसत नाही, मुलांनी सांडलं तर धुता येते. डॅशबोर्डवर पांढरा टॉवेल, आणि शक्य असेल तर शेडखालीच पार्किंग. लाकूड आणि रबर दोन्ही उन्हानेच जातात.

मग चाचणी. सुरुवातीचे काही दिवस एकट्याने, शहरातच, दुपारच्या गर्दीत. त्यानंतर अक्कलकोट, साधारण ४० किलोमीटर सपाट रस्ता. परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून सकाळी डाग बघा: हिरवट म्हणजे कूलंट, लालसर म्हणजे गिअरबॉक्सचं किंवा स्टिअरिंगचं तेल, काळं म्हणजे इंजिनचं. मग तुळजापूर, कारण गावाआधीचा घाट चढताना इंजिन आणि उतरताना ब्रेक दोन्ही कळतात. तिथून काटा आणि पेडल दोन्ही ठीक असतील तर पुण्याची २५० किलोमीटरची फेरी ठरवा, तीही पहाटे निघून आणि जाताना टेंभुर्णीला थांबून, बोनेट उघडून एकदा होज आणि बेल्ट बघून. घरच्यांना त्या फेरीला न्यायला हरकत नाही.