जेट बदलण्याआधी

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण करून मी कोल्हापुरातील एका लहानशा गॅरेजमध्ये कामाला लागलो, तेव्हा कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, आपल्याला येतो अशी माझी पक्की समजूत होती. खोलून पेट्रोलने धुणे, हवा मारणे, पुन्हा बसवणे आणि स्क्रू फिरवून आयडलिंग जुळवणे एवढेच मला येत होते. मॉडिफाय केलेल्या इंजिनापुढे ही विद्या किती तोकडी पडते, ते पहिल्याच मोठ्या कामाने दाखवून दिले. या कामात नव्याने उतरणाऱ्या मुलांना माझ्या चुकांचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

ती गाडी होती यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल. भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या या गाडीचे इंजिन ९८ सीसीचे, टू-स्ट्रोक, रीड व्हॉल्व्हचे, म्हणजे हवा एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पातळ पात्यांच्या झडपेचे. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिमी. कंपनीच्या मापाने ताकद ११ अश्वशक्ती आणि कार्ब्युरेटर मिकुनी कंपनीचा, २० मिमीचा. आमच्या ग्राहकाने ती मातीच्या ट्रॅकवर पळवण्यासाठी तयार करून घेतली होती. एक्झॉस्ट पोर्ट वर उचललेला, सायलेन्सरच्या जागी एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे मध्ये फुगीर असलेला पाइप, आणि मोकळा एअर फिल्टर असे तिचे रूप होते. अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, हे आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आरसी बुकातील नोंदीशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि अशा पाइपचा आवाजही रस्त्यावर बसणारा नसतो. त्यामुळे पुढचे सगळे ट्रॅकवरच्या गाडीविषयी आहे.

तक्रार अशी होती की, थ्रॉटल सोडला तरी इंजिनाचे आरपीएम लगेच खाली येत नसत. दोन-तीन सेकंद वरच तरंगत राहत आणि मग एकदम पडत. आयडलिंगही रोज वेगळे लागत असे. मिक्स्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि तो बरोबर होता. चुकले ते पुढचे पाऊल. लीन आहे म्हणजे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तोंड, मोठे करायचे, एवढेच मला सुचले. मी पायलट जेट बदलले, मेन जेट बदलले, नीडलची, म्हणजे थ्रॉटलबरोबर वरखाली होऊन पेट्रोल कमी-जास्त सोडणाऱ्या सुईची, क्लिप एक खाच खाली घेतली. आठवडाभर गाडी कधी सुधारल्यासारखी वाटे, तर कधी प्लग काळा करून बंद पडे. शेवटी आमचे मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

“हे कितवं जेट?”

“पाचवं असेल, मामा.”

“आधीच्या चारांनी काय सांगितलं? लिहिलंयस का कुठं?”

कुठेच लिहिलेले नव्हते. मामांनी मॅग्नेटोचे, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाचे, कव्हर काढायला लावले. कोरड्या असायला हव्या त्या प्लेटवर क्रँकच्या ऑइल सीलभोवती तेलकट, धुळीने माखलेला एक पट्टा दिसत होता. टू-स्ट्रोकमध्ये मिक्स्चर आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीत, येते आणि तिथे दर फेरीला एकदा दाब व एकदा ओढ तयार होते. डाव्या, म्हणजे मॅग्नेटोच्या बाजूचे सील गेले की ती ओढ बाहेरची हवा आत घेते, आणि या हवेचा हिशेब कार्ब्युरेटरकडे नसतो. उजव्या, म्हणजे क्लचच्या बाजूचे सील गेले तर हवेऐवजी गिअर ऑइल ओढले जाते आणि पाइपमधून पांढऱ्या धुराचा लोट निघतो. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी मॅनिफोल्डला बारीक चीर असली तरीही आरपीएम असेच तरंगतात.

ही गळती शोधण्याची मामांची पद्धत मी आजही वापरतो. पिस्टन पूर्ण खाली घ्यावा, म्हणजे क्रँककेस आणि सिलिंडर एकमेकांना खुले राहतात. एक्झॉस्टचे तोंड रबर आणि पट्टी लावून बंद करावे, प्लग घट्ट बसवावा, आणि मॅनिफोल्डच्या तोंडात नळी घातलेला रबरी बूच बसवून तिथून हवा भरावी. प्लगच्या भोकातून भरू नये, कारण मग रीड व्हॉल्व्ह हवा अडवून धरतो आणि मॅनिफोल्ड तपासायचा राहून जातो. हवा भरायला मामांकडे रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ होते. त्या घड्याळावरचा ३०० चा आकडा म्हणजे सहा पीएसआयला थोडा कमी, आणि या तपासणीला नेमका तेवढाच दाब लागतो. काटा जागेवर थांबला तर इंजिन घट्ट आहे. सरकू लागला तर जोडांवर आणि सीलवर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे जागा दाखवतात. आमच्या गाडीत काटा डोळ्यांदेखत खाली आला. सील बदलल्यावर मी बदललेले प्रत्येक जेट परत काढावे लागले, कारण त्यातले एकही खऱ्या मोजमापावर बसवलेले नव्हते.

तेव्हापासून इंजिन घट्ट आहे याची खात्री झाल्याखेरीज मी जेटच्या डबीला हात लावत नाही. फ्लोटची (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल ठरावीक उंचीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी, टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक आणि इग्निशनचे टायमिंग हेही त्याआधीच पाहून घेतो.

खऱ्या ट्यूनिंगमध्ये नवशिक्यांचा सर्वांत मोठा गोंधळ असा होतो की, ते जेटचा संबंध वेगाशी किंवा आरपीएमशी जोडतात. कार्ब्युरेटरच्या कोणत्या भागाचा अंमल चालतो, हे मुख्यतः थ्रॉटल किती उघडा आहे यावर ठरते. पहिल्या अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, त्यापुढे पावापर्यंत हवेची वाट उघडणाऱ्या स्लाइडचा कापलेला काठ, पाव ते पाऊण नीडल आणि तिची क्लिप, आणि त्यानंतर मेन जेट. या हद्दी एकमेकींत थोड्या मिसळतात. मूठ नेमकी किती फिरली आहे हे चालवताना हाताला समजत नाही, म्हणून मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या घरावर पांढरी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा पेनने कराव्यात. दोन रुपयांच्या त्या पट्टीने माझा जितका वेळ वाचवला आहे, तितका कुठल्याही महागड्या हत्याराने वाचवलेला नाही.

सुरुवात कुठून करावी यावर मेकॅनिक लोकांत मतभेद आहेत. मी मेन जेटपासून करतो, कारण पिस्टन जातो तो तिथेच. एक्स्पान्शन चेंबर ज्या आरपीएमला पकड घेतो, तिथे इंजिन एकदम जास्त मिक्स्चर ओढते. म्हणून मुद्दाम मोठे जेट घालून सुरुवात करावी. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन फडफडले, मोकळे पळेना, म्हणजे ते रिच आहे, पेट्रोल जास्त होत आहे. मग एकेक आकडा खाली यावे. छोट्या गोल मिकुनी जेटमध्ये अडीचच्या टप्प्याने आकडे मिळतात. आमच्या त्या गाडीला ११५ वरून उतरत १०७.५ वर आणले. पुढे एका उन्हाळ्यात ग्राहकाने स्वतःच १०२.५ घातले, कारण गाडी त्यावर ‘तिखट’ पळत होती. हे खरेच असते. जाम होण्याच्या अगदी आधी टू-स्ट्रोक इंजिन सर्वांत तिखट लागते. ब्लॉक उघडला तेव्हा पिस्टनच्या एक्झॉस्टकडील बाजूला ॲल्युमिनियम लोण्यासारखे फासले गेले होते आणि रिंग खाचेत चिकटून बसली होती.

त्यामुळे कानापेक्षा प्लगवर भरवसा ठेवावा. नवा प्लग घालून, इंजिन गरम असताना, ट्रॅकच्या सरळ भागावर पूर्ण थ्रॉटलने न्यावे आणि त्याच क्षणी क्लच दाबून किल स्विचने इंजिन बंद करावे. आयडलिंग करत परत आलात तर प्लगवर आयडलिंगचा रंग चढतो आणि सगळी मेहनत वाया जाते. वाचायचा तो प्लगच्या टोकाचा रंग नव्हे, तर पांढऱ्या चिनी मातीच्या मुळाशी, आत खोल पडलेले कडे. ते नीट दिसावे म्हणून आम्ही प्लग कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत लेथवर कापून आणत असू. मुळाशी कॉफीच्या रंगाचे बारीक कडे असले तर ठीक. स्वच्छ पांढरे असले, किंवा चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले, तर दुसरी फेरी मारूच नये.

नीडलचे काम त्या मानाने सोपे आहे. क्लिप खालच्या खाचेत गेली की नीडल वर उचलली जाते आणि मिक्स्चर रिच होते. एअर स्क्रू गरम इंजिनावर फिरवून जिथे आरपीएम सर्वांत जास्त आणि स्थिर राहतात, ती जागा शोधावी. ती जागा एका फेऱ्याच्या आत आली तर पायलट जेट लहान आहे, अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर मोठे आहे. मात्र फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवा नियंत्रित करतो, म्हणून तो आत फिरवला की मिक्स्चर रिच होते. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू असेल तर नेमके उलटे. फोर-स्ट्रोकवरून आलेली मुले इथे हमखास चुकतात. जेट साफ करताना त्यात तार घालू नये, भोक किंचित जरी मोठे झाले तरी त्यावरच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

इंधनही लक्षात घ्यावे लागते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवत असाल तर ऑइल वाढवल्याने मिक्स्चर लीन होते, कारण त्याच भोकातून पेट्रोल तेवढे कमी जाते. हे ऐकून नवखे चक्रावतात. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ पट. त्यामुळे ई २०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुने जेटिंग लीनकडे झुकते आणि जुन्या गाडीचा मेन जेट पुन्हा तपासावा लागतो. उंचीचेही तसेच. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथे नेमकी जुळवलेली गाडी आंबा घाट उतरून रत्नागिरीला नेली की तिथल्या दाट हवेत ती लीन होते.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस ६ या प्रदूषणाच्या नियमांमुळे बहुतेक नव्या मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आले. मग हे काम शिकून पोट भरेल का, असे मुले विचारतात. केवळ कार्ब्युरेटरवर भरणार नाही. इंजेक्शन, सेन्सर आणि वायरिंग शिकावेच लागेल. पण जुन्या गाड्या नव्याने उभ्या करणारे आणि ट्रॅकवर पळवणारे ग्राहक आहेत, आणि ते हात ओळखून येतात.

मामांनी त्या दिवशी मला एक दोनशे पानी वही आणायला लावली. तारीख, वेळ, तापमान, मेन जेट, क्लिप, स्क्रूचे फेरे, प्लगचा रंग, आणि एका वेळी एकच बदल. पिस्टन बदलून वर्ष उलटल्यावर तोच ग्राहक मे महिन्यातल्या भर दुपारी आला. गाडी वरच्या टोकाला फडफडते म्हणाला आणि कार्ब्युरेटर नवा घालू या म्हणून हट्ट धरून बसला. वहीत जानेवारीतली नोंद होती : सकाळी सात, १६ अंश, १०७.५, क्लिप तिसरी, कडे कॉफी. बाहेर ३८ अंश होते, हवा पातळ झालेली होती. मी १०५ घातले आणि त्याला प्लगचे कडे दाखवून, थंडी पडली की हे जेट परत बदलायचे असे बजावले. मामांनी नोंद वाचली, वही ड्रॉवरमध्ये टाकली आणि ग्राहकाला एका जेटचे पैसे सांगितले.