नदीकाठच्या गावांनो, पूर यायच्या आधी एकमेकांशी बोला : या चुका टाळा

‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ असा निरोप आला की कर्नाटकातल्या निपाणी भागातले सगळे ग्रुप हादरतात. पण ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला आणि पुढं नृसिंहवाडीला कृष्णेत जातं. सदलग्याची नदी दूधगंगा, म्हणून तिथं आधी काळम्मावाडी धरणाची खबर हवी. वेदगंगेकाठी पाटगाव धरणाची, कृष्णाकाठच्या यडूर-कल्लोळला कोयनेसोबत राजापूर बंधाऱ्याची. कृष्णा फुगली की दूधगंगेलाही फुगवटा येतो, तेव्हा दोन्हीकडं कान ठेवा. आपल्या शिवारात येणारं पाणी कुठलं, हेच माहीत नसणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक.

दुसरी चूक, फक्त आपल्या तालुक्यापुरतं बोलणं. धरणं बहुतेक महाराष्ट्रात, इशारा येतो कर्नाटकाच्या तहसीलमधून, तोही कन्नडमध्ये. गावात कन्नड नीट वाचणारा एक पोरगा नेमा, नोटीस आली की लगेच मराठीत सांगणारा. आणि कागल-शिरोळकडच्या वरच्या गावांत एक-दोन माणसं ओळखीची करून ठेवा. नदीवरची पाणी उपसायची मोटार काढायला चार गडी, दोर, ट्रॅक्टर लागतो. वरच्या गावानं संध्याकाळी सहाला ‘पाणी चढतंय’ म्हणून सांगितलं तर मोटार उजेडात काठावर येते. रात्री दोनला कळलं तर ती गेलीच म्हणायची.

आकडेही तपासा. क्युसेक हा विसर्गाचा वेग, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतं ते; टीएमसी हा साठा, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. साधारण ११,५७४ क्युसेक दिवसभर सुटलं की एक टीएमसी होतं.

शेती, पाणी, हवामान यांवर काम करणारे एकीकडं आणि बचावाला धावणारी तरुण मंडळं दुसरीकडं, हे मला फार खटकतं. बेळगावात बळ्ळारी नाला तुंबला की शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भात पाण्याखाली जातं. गाळ कुठं साचतो हे शेतकऱ्याला ठाऊक, कुठल्या गल्लीत म्हातारी माणसं एकटी राहतात हे मंडळाच्या पोरांना. दोघांनी एप्रिलमध्येच एकत्र बसायला हवं. २००५, २०१९, २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं, त्या खुणा शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या.

आणि बैठकीत काळजी केंद्राचा, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवाऱ्याचा, विषय निघाला की जनावरांचं आधी विचारा. दावण आणि वैरणीची सोय नसेल तर घरची म्हातारी म्हशीला सोडून यायची नाही, कितीही होड्या आल्या तरी.