मर्च्युरीसमोर जमलेल्यांसाठी: पहिले दोन दिवस

माझा धंदा फोटो स्टुडिओचा. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो. पण जिल्ह्याच्या गावात स्टुडिओ असला की अधूनमधून पोलीस ठाण्यातून फोन येतो, "पीएमचं शूटिंग आहे, कॅमेरा घेऊन या." पीएम म्हणजे शवविच्छेदन. कोठडीत माणूस मेला तर शवविच्छेदनाचं चित्रीकरण व्हावं, असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९५ सालीच राज्यांना कळवलंय. ते काम आमच्यासारख्यांकडे येतं. आत टेबलावर मी असतो आणि बाहेर फाटकापाशी तुम्ही असता, घोषणा देत. तुमचा राग खरा असतो. पण आतलं काम दोन तासांत उरकतं, आणि तुम्ही नेमकं त्याच वेळी रस्त्यावर टायर पेटवायच्या मागे असता, हे मी पाहत आलोय. म्हणून हे लिहितोय. कायद्याची कलमं आमच्या ओळखीच्या वकील मॅडमनी तपासून दिलीत, बाकीचं माझं.

कोठडीत माणूस गेल्याची बातमी आली की आधी दोन टोळ्या करा. एक दवाखान्यात, एक पोलीस ठाण्यात. ठाण्याच्या टोळीत तीन-चार शांत डोक्याची माणसं आणि एक लिहिता येणारा. शांत डोक्याची एवढ्यासाठी, की तिथे पहिलं उत्तर तयारच असतं: छातीत दुखलं, फिट आली, गळफास घेतला, नाहीतर पळून गेला. "पळून गेला" हे ऐकलं की जास्त सावध व्हा. २०१७ च्या नोव्हेंबरात सांगलीत अनिकेत कोथळेच्या घरच्यांना हेच सांगितलं होतं. तो ठाण्यातल्या मारहाणीतच गेला होता आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता, हे नंतर उघड झालं. परभणीच्या ख्वाजा युनूसच्या बाबतीतही २००३ मध्ये पोलिसांचं म्हणणं होतं की जीपला अपघात झाला आणि तो पळाला. असं उत्तर मिळालं तर ठाण्यासमोर रात्र काढण्यापेक्षा वकिलाला उठवा आणि उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची तयारी करा. माणूस हजर करा, नाहीतर काय झालं ते शपथेवर सांगा, एवढाच त्याचा अर्थ.

दवाखान्याच्या टोळीने एक गोष्ट घट्ट धरायची. मृतदेह आत्ताच ताब्यात घेणार नाही, हे लेखी द्यायचं. तोंडी सांगितलेलं कोणी लिहून ठेवत नाही. आणि हे जवळच्या नातेवाइकाच्या सहीने द्या, पुढाऱ्याच्या नाही. पुढारी संध्याकाळी एसपी साहेबांच्या केबिनमध्ये चहा पिऊन येतो आणि मग "आपल्या मागण्या मान्य झाल्या" असं जाहीर करतो. आई किंवा बायको केबिनमध्ये एकटी जाऊ नये, आणि तिच्याशिवाय दुसरंही कोणी जाऊ नये.

आता रात्रीच्या पीएमचं. २०२१ च्या नोव्हेंबरात केंद्राने सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, सडलेला मृतदेह किंवा घातपाताचा संशय असेल तर रात्री करायचं नाही, असंही त्यातच आहे. अपवाद एकच, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न. म्हणजे बघा, तुम्ही फाटक हलवलं, काच फोडली, की तुम्हीच तो अपवाद त्यांच्या हातात दिला. "जमाव आवरत नाही, आत्ताच उरकून घ्या." त्या रात्री दवाखान्यासमोर सगळ्यांनी खाली बसा. बसलेल्या माणसांचा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न करायला अवघड जातं.

त्याच रात्री हा अर्ज लिहा. भाषा अशीच ठेवा, शिव्या आणि शेर नकोत:

"प्रति, मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. प्रत: मा. पोलीस अधीक्षक, मा. जिल्हा शल्यचिकित्सक. विषय: पोलीस कोठडीतील मृत्यूबाबत. माझा मुलगा अमुक यास अमुक तारखेस अमुक वाजता घरून नेले. आज तो मयत झाल्याचे कळाले. विनंती की, १) भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १९६ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी. २) इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा दंडाधिकाऱ्यांनी आमच्या समक्ष करावा. ३) शवविच्छेदन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, एकाहून अधिक डॉक्टरांकडून, चित्रीकरणासह व दिवसाउजेडी व्हावे. ४) ठाण्यातील सर्व कॅमेऱ्यांचे चित्रीकरण, स्टेशन डायरी, अटक पंचनामा व अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीचे कागद सील करून जतन करावेत. ५) संबंधित ठाण्याचा तपासाशी संबंध ठेवू नये."

तीन ठिकाणी द्या आणि प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का मारलेली ओसी, म्हणजे आपल्याकडची प्रत, घ्या. शिक्का देत नसतील तर तिथेच उभं राहून ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्ट. एक प्रत राज्य मानवाधिकार आयोगाला, मुंबईला. कोठडीतल्या मृत्यूची खबर चोवीस तासांत राष्ट्रीय आयोगाला द्यायचं काम खरं तर कलेक्टर आणि एसपींचं आहे, १९९३ पासून. तरी तुमचं पत्र वेगळं गेलेलं बरं. आयोग एक वर्षापेक्षा जुन्या घटनेत हात घालत नाही, हेही डोक्यात ठेवा.

आत काय बघायचं, हे मला जास्त सांगता येईल. इन्क्वेस्टच्या वेळी घरचे दोघं आत असू द्या, त्यातला एक न डगमगता बघू शकणारा हवा. प्रेत पालथं करायला लावा. तळपाय, तळहात, मांड्यांची मागची बाजू, कुल्ले, मनगटं, कानामागची जागा. कॅमेरावाल्याला, म्हणजे माझ्यासारख्याला, जवळून फ्रेम घ्यायला सांगा आणि जखमेशेजारी मोजपट्टी ठेवायला सांगा. मोजपट्टी नसली की पुढे कोर्टात चार इंचाचा वळ दीड इंचाचा होतो. शूटिंग मध्ये तुटू देऊ नका. कार्ड बदललं तर वेळ मोठ्याने बोलून परत सुरू करा. एक मात्र समजून घ्या: पाठीवरचा प्रत्येक जांभळा डाग म्हणजे मार नव्हे. माणूस मेला की रक्त खालच्या बाजूला साचतं आणि तशी जांभळट छटा येते. डॉक्टर तिथे छेद देऊन फरक सांगू शकतो. तो छेद द्यायला सांगा आणि अहवालात लिहायला सांगा. नाहीतर फेसबुकवर तुम्ही पाठीचा फोटो टाकता, दुसऱ्या दिवशी कोणी तज्ज्ञ तो डाग मरणोत्तर असल्याचं सांगतो, आणि मग खऱ्या जखमांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पंच म्हणून सही करणाऱ्याने रिकाम्या ओळींवर रेघ मारूनच सही करावी.

"मृत्यूचे कारण राखून ठेवले, व्हिसेरा तपासणीसाठी पाठवला" असं प्रमाणपत्रावर दिसलं तर लगेच दगाबाजीचा अर्थ काढू नका, ते नेहमीचं आहे. व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले शरीरातले अवयव. प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला महिने जातात. पण बाहेरच्या जखमांची नोंद त्याच दिवशीची असते, ती मागून घ्या. आणि मृतदेह शेवटी घ्याल तेव्हा वडीलधाऱ्यांशी बोला. परत शवविच्छेदनाची वेळ येईल अशी शंका असेल तर अग्नी देऊ नका, दफन करा. कोर्टाने हुकूम दिला तर उकरून तपासता येतं. राखेतून काही निघत नाही. आमच्याकडे हे बोलणं जड जातं, म्हातारी माणसं चिडतात, पण बोलायला लागतं.

आता व्हिडिओ, म्हणजे माझ्या पोटापाण्याचा विषय. ठाण्यात कॅमेरे असलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सांगितलंय: फाटक, लॉकअप, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागची बाजू, सगळीकडे. रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचं, निदान वर्षभर तरी. "कॅमेरा बंद होता" असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. तो कागद फुटेजइतकाच कामाचा आहे. कारण बिघाड कधी कळवला, कोणाला कळवला, याची नोंद त्यांना दाखवावी लागते.

पण सगळं ठाण्याच्या कॅमेऱ्यात नसतं. माणसाला घरातून नेताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा, पेट्रोल पंपाचा, एटीएमचा कॅमेरा असतो. दुकानातला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, जुनं पुसून त्यावर नवं भरतो, डिस्क लहान असली तर आठवड्याभरातच. म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी रस्ता चालत जावं, कॅमेरे मोजावेत, दुकानदाराला हात जोडून ते फुटेज काढून घ्यावं. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करू नका. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढेमागे आहे ते लिहून ठेवा, दुकानदाराची सही घ्या. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा खास आकडा, टाकावी लागते. कोणताही बरा कॉम्प्युटरवाला ती काढून देतो. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात की फाइल दाबली जाते, मूळ राहत नाही. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि गाणं जोडू नका. खरंच जोडतात लोक.

मृतदेहाचे फोटो ग्रुपवर टाकू नका. आईच्याही मोबाइलवर तो ग्रुप असतो.

बंद पुकारायचा की नाही, हे मी सांगणारा कोण. पण परभणीचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद झाला, बंदात तोडफोड झाली, आणि मग वस्त्यांमधून धरपकड. त्यात उचललेला सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. म्हणजे रस्त्यावरच्या रागाची वसुली घराघरात शिरून होते, आणि दगड मारणारा सापडतोच असं नाही, घरी असलेला सापडतो. म्हणून मोर्चा काढणार असाल तर आदल्या रात्री हे ठरवा: पुढे कोण, मागे कोण, दोरी कोणाकडे, शूटिंग कोण करणार. मोर्चाचं आपलं स्वतःचं सलग शूटिंग हवं, ठिकाण आणि वेळ सांगत. पुढे "दंगलीत हा होता" असं म्हटलं गेलं तर तेच वाचवतं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश लागू आहे का, हे आधी विचारून घ्या. हातगाडीवाल्यांना जबरदस्तीने बंद करायला लावू नका, त्यांच्यातलाच कोणी उद्या साक्षीदार असतो. वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या हातावर पेनाने लिहा, मोबाइल काढून घेतला जातो. कोणाला उचललं तर नाव, वेळ, गाडीचा नंबर एका वहीत. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेलं का, अटकेची खबर घरी दिली का, तपासणी झाली का, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून विचारायचा हक्क आहे. आणि दंडाधिकाऱ्यांनी "मारहाण झाली का?" विचारलं तर खरं सांगायला पोरांना आधीच सांगून ठेवा. तिथे मान हलवून "नाही" म्हटलेलं पुढे फार महाग पडतं.

मागण्यांच्या यादीत निलंबन पहिलं लिहायची रीत पडलीय. द्यायला सगळ्यात स्वस्त तेच. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो आणि दिवस सरले की तो परत येतो. ख्वाजा युनूस प्रकरणात २००४ मध्ये निलंबित झालेले पोलीस २०२० साली सेवेत परत घेतले गेले, खटला चालूच होता. यादीत वर लिहा: गुन्हा नोंद, आणि तपास त्या जिल्ह्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे. परभणीच्या प्रकरणात सोमनाथचं पीएम छत्रपती संभाजीनगरला झालं आणि अहवालात अनेक जखमांनंतर आलेला शॉक असं कारण निघालं. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत मारहाणीचा पुरावा नसल्याचं सांगितलं होतं. या दोन उलट वाक्यांपुढे सोमनाथच्या आईला कोर्टात उभं राहता आलं ते कागदामुळे. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांना जबाबदार धरलं, औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ ला गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथेही हरलं. सात महिने लागले, तेही नुसत्या एफआयआरला.

पैशाचं बोला म्हणतात, तेही बोलतो. सोमनाथच्या आईने सरकारचा चेक परत केला. प्रत्येक घराला ते झेपत नाही आणि पैसे घेणं हे पाप नाही. घेतल्याने केस मिटतही नाही. फक्त ज्या कागदावर अंगठा देताय त्यावर "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही" हे वाक्य कुठे दडलेलं नाही ना, ते बाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या.

गेलेला माणूस गावाला नकोसा असेल तर वरचं सगळं दुप्पट अवघड. २०२४ च्या सप्टेंबरात बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरच्या अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला तेव्हा लोकांनी पेढे वाटले. पुढच्या जानेवारीत दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तेव्हा पेढे वाटणारे गप्प होते. अशा घरात नातेवाईकसुद्धा येत नाहीत, दफनाला जागा मिळत नाही. तुम्हाला त्याच्याबद्दल काहीही वाटो, अर्ज तोच द्यायचा आणि मोजपट्टी तशीच ठेवायची. आरोपी खरा होता की नाही हे कोर्टाने ठरवायचं होतं, ते आता राहूनच गेलं.

तिसऱ्या दिवशी गर्दी ओसरते, पण खटला वर्षानुवर्षं चालतो. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ ला राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसं गेली. गॅसचा टँकर पेटवणार होते म्हणून गोळी चालवली, असं सांगण्यात आलं. चौकशी करणाऱ्या गुंडेवार आयोगाला ते पटलं नाही, आणि तरी गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाची शिक्षा झाली २००९ मध्ये. बारा वर्षं. तेवढा काळ साक्षीदार टिकवायचे असतात, त्यातले काही गाव सोडतात, काही ठेकेदारी घेतात.

म्हणून गर्दी असतानाच, मर्च्युरीसमोरच, वहीच्या मागच्या पानावर नावं घ्या. पुढच्या प्रत्येक तारखेला गेलेल्याच्या आईबरोबर किंवा बायकोबरोबर कोर्टात कोण जाणार, एसटीचं भाडं कोण देणार, तिची मजुरी बुडेल ती कोण भरणार. फाइलच्या तीन झेरॉक्स, तीन वेगळ्या घरांत. माझ्याकडे शूटिंगची मूळ कार्डं असली तर ती मी पोलिसांना दिल्याची पावती घेतलेली असते. तिची झेरॉक्स मागायला या, देईन.