साहेब, सत्कार नंतर करा, आधी सेवापुस्तक उघडा

सरकारी कार्यालयात नवे प्रमुख रुजू झाले की कर्मचाऱ्यांचा उत्साह वाढवायचे उपाय ठरलेले असतात. टेबलांना पॉलिश होतं, महिनाअखेरीला सगळ्यांच्या वाढदिवसांचा मिळून एक केक कापला जातो आणि ताणतणावावर बाहेरच्या वक्त्याचं व्याख्यान होतं. यात वाईट काही नाही. पण ज्या अव्वल कारकुनाचा आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती नसली तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणारी योजना) दुसरा लाभ आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेची कामं बघणाऱ्या शाखेत, अडकून पडलाय, तो त्या व्याख्यानात मागच्या रांगेत मोबाइल बघत बसणार. तहसील असो, कृषी असो की बांधकाम, कार्यालयातल्या मरगळीचं मूळ बहुतेक वेळा आस्थापनेच्या कपाटातच सापडतं.

आपल्याच माणसांची कामं शेवटी

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जनतेच्या अर्जामागे माहिती अधिकार असतो, लोकशाही दिन असतो, एखादा पत्रकारही असतो. शिपायाच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या बिलामागे कोणीच नसतं. बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा सांगतो की नस्ती (फाईल) सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या नस्तीला त्यातून सूट दिलेली नाही!

एखादं सेवापुस्तक, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदींची वही, सहज उघडून बघा. शेवटची वेतनवाढ नोंदवलेली नाही, रजेचा हिशोब पेन्सिलीने लिहिलेला, नामनिर्देशन लग्नाआधीचं आणि वेतननिश्चितीवर वेतन पडताळणी पथकाचा शिक्काच नाही. मग निवृत्तीच्या वर्षी हा माणूस पंधरा वर्षांपूर्वीच्या कार्यालयात सेवा पडताळणीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालतो. शेजारच्या टेबलावरचा पंचविशीतला महसूल सहायक हे सगळं बघत असतो. आपलंही पुढे हेच होणार, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही.

उपाय साधा आहे. आश्वासित प्रगतीचे टप्पे १०, २० आणि ३० वर्षांचे. म्हणजे कोणाचा लाभ कधी देय होणार हे रुजू झाल्याच्या दिवशीच कळतं. मग अर्जाची वाट कशाला बघायची? आस्थापना लिपिकाकडून एक तक्ता करून घ्या: नाव, पुढचा देय लाभ, सेवापुस्तक कुठपर्यंत भरलंय, कोणतं देयक अडकलंय. आठवड्यातली एक दुपार या तक्त्यासाठी राखून ठेवा. त्या दुपारी व्हीसी (वरिष्ठांची व्हिडिओ बैठक) आली तरी बसायचं, नाहीतर दोन महिन्यांत तक्ता बासनात जातो.

सगळंच 'अत्यंत तातडीचे'

त्याच कायद्यात प्रतवारीही दिली आहे: अत्यंत तातडीची नस्ती त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तातडीची चार दिवसांत. व्हॉट्सॲपच्या गटावर मात्र संध्याकाळी पाचला 'आजच सादर करा' येतं. तीच माहिती, फक्त रकाने बदलून, गेल्या आठवड्यात दुसऱ्या शाखेने मागवलेली असते. वरून आलेलं पत्र जसंच्या तसं खाली ढकलायला साहेब लागत नाही. आधी आपल्याकडच्या जुन्या तक्त्यात बघा, निम्मी माहिती तिथेच मिळेल.

शेरा लिहिताना 'चांगला' म्हणून मोकळं होणं

कोणाला दुखवायचं नाही म्हणून कामगिरीच्या वार्षिक अहवालात सगळ्यांना सरसकट 'चांगला' लिहिणारे अधिकारी स्वतःला दयाळू समजतात. देव दत्त विरुद्ध भारत सरकार हे २००८ चं प्रकरण त्यांनी वाचावं. सीमा रस्ते सेवेतल्या या अभियंत्याच्या एका वर्षाच्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता आणि पदोन्नतीसाठी हवा होता 'अतिशय चांगला'. त्या शेऱ्यापायी त्यांची पदोन्नती हुकली, आणि शेरा त्यांना कळवलेलाही नव्हता. प्रतिकूल असो वा नसो, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. अहवाल आता ऑनलाइन गेले असले तरी मुदतीच्या शेवटच्या रात्री एकच वाक्य दहा जणांना चिकटवायची सवय सुटलेली नाही. वर्षभरात त्या माणसाने केलेलं एक तरी काम नावानिशी लिहा: 'अतिवृष्टीच्या पंचनाम्यांच्या याद्या वेळेत आणि बिनचूक दिल्या.' असं एक वाक्य वाचून माणूस दुसऱ्या दिवशी वेगळ्या चालीने कार्यालयात येतो. प्रशस्तिपत्राच्या फ्रेमला ते जमत नाही.

जो करतो त्याच्याच गळ्यात

रिक्त पदं तुमच्या हातात नाहीत, वाटणी मात्र आहे. काम जाणणाऱ्या बाईंकडे तीन टेबलं आणि टाळाटाळ करणाऱ्याकडे नुसती आवक-जावक (टपालाची नोंद), ही वाटणी सोयीची असली तरी बाईंना ती शिक्षाच वाटते. अतिरिक्त कार्यभार द्यायचाच असेल तर लेखी द्या, त्यावर तारीख टाका, आणि तारीख संपली की काढून घ्या. कारणे दाखवा नोटिसाही याच बाईंना जास्त मिळतात, कारण चुका काम करणाऱ्याच्याच होतात. म्हणून नोटिशीवर सही करण्याआधी त्या टेबलावर एकूण किती नस्त्या आहेत, तेवढं मागवून बघा.